गोरसीची ऊब आणि खरा ताप

नवऱ्याच्या हृदयाची झडप बदलायचं ठरलं तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सगळं नीट समजावलं. आम्ही म्हणजे मी, सासू आणि धाकटा दीर. नवरा बाहेर बाकावर बसून राहिला. त्याला ऐकायचंच नव्हतं. "इंजन खोलून राहिलेत तं खोलू द्या. मी पाहून का करू?" एवढं बोलून तो मोकळा झाला होता.

लहानपणी त्याचे सांधे सुजून ताप यायचा. त्या तापात झडप बिघडली आणि चाळिशीत तिने पुरतं दमवलं. सौंदडजवळ आमची थोडी धानाची शेती आणि रस्त्याला लागून पिठाची चक्की. गव्हाचं पोतं उचलणारा माणूस पायलीभर दळण उचलताना थांबायला लागला, तेव्हाच मी चक्कीचा पट्टा स्वतः चढवायला शिकले होते.

डॉक्टर म्हणाले, छाती उघडायची, हृदय थांबवायचं आणि तेवढा वेळ रक्त मशीनमधून फिरवायचं. तेच मशीन रक्त थंड करतं, म्हणजे सगळं अंग थंड होतं. थंड अंगाला कमी प्राणवायू पुरतो, मेंदू सांभाळला जातो. काम झालं की त्याच मशीनने अंग पुन्हा गरम करून आणायचं.

मी हे शेवटपर्यंत ऐकलं. सासूचे कान 'थंड' या शब्दापाशी बंद झाले. जिना उतरताना तिने माझा दंड धरला.

"जित्या माणसाले थंड कायले करतेत व?"

"मंग गरम करतेत ना, मामीजी." आमच्याकडे सासूला मामीजीच म्हणतात.

"आपण करतो का कोनाले थंड? थंड तं माणूस मेल्यावर होते."

दीर पुढे चालत होता. तो वळून म्हणाला, "माय, चूप राय. दादा आयकन."

माझ्याही डोक्यात तेच फिरत होतं, पण ते बोलून कोणाचा फायदा होणार नव्हता. मी सह्या केल्या.

ऑपरेशननंतर मला आत सोडलं ते दोन मिनिटांसाठी. तोंडात नळी, छातीवर पट्टी, अंगावर फुगलेलं पांघरूण, त्यात गरम हवा सोडलेली. मी पाय चाचपले. थंड होते. थंड म्हणजे नदीतून बाहेर काढलेल्या दगडासारखे. नर्स म्हणाली, "होतील गरम, हळूहळू आणतो." मी बाहेर येऊन सासूला सांगितलं, सगळं ठीक आहे. पायांचं सांगितलं नाही. पण तिने माझे हात हातात घेतले आणि माझ्याच बोटांचा गारठा तिला कळला. तिथेच तिने मनात काहीतरी ठरवलं असावं.

दुसऱ्या दिवशी उलटंच झालं, त्याला ताप भरला. मी घाबरून डॉक्टरांना गाठलं. ते शांत होते. म्हणाले, "रक्त इतका वेळ प्लॅस्टिकच्या नळ्यांतून फिरलंय. शरीराला वाटतं कोणी परका घुसला. ते भांडायला उठतं. आत सूज येते, ताप येतो. सुरुवातीचे काही दिवस आम्ही तो धरूनच चालतो."

"मग काळजीचं नाही?"

"आत्ता नाही. घरी गेल्यावर ताप आला, तर तो वेगळा. सकाळ-संध्याकाळ मोजा. शंभरच्या वर गेला तर फोन करा, वाट बघू नका. नव्या झडपेला जंतू लागले तर पुन्हा छाती उघडावी लागते. आणि दुसऱ्या वेळी..." पुढचं त्यांनी सोडून दिलं. मी बाहेर पडून औषधांच्या दुकानातून थर्मामीटर घेतलं. एक फुटलं तर म्हणून दुसरंही घेतलं.

घरी आलो तेव्हा थंडीचे दिवस होते. धान घरात आलं होतं, अंगणात तणसाचा, म्हणजे पेंढ्याचा, ढीग. नवऱ्यासाठी आतल्या खोलीत बाज टाकलेली होती, आणि बाजेखाली गोरसी. गोरसी म्हणजे मातीची शेगडी, आमच्याकडे थंडीत घरोघरी असते. पण बाजेखाली गोरसी ठेवतात ती फक्त बाळंतिणीच्या. निखाऱ्यांवर ओवा टाकायचा, वर सुंभाची बाज, आणि बाळंतीण त्या धगीवर निजते. गावातल्या निम्म्या बाळंतिणींना माझ्या सासूने असा शेक दिलेला. अंगातला गारवा कसा काढायचा हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. आणि तिच्या लेकाच्या अंगात तर डॉक्टरांनी स्वतः, सांगून-सवरून, गारवा भरला होता.

"मामीजी, हे कायले?"

"तुया डाक्टरनं थंड केला. आता मी गरम करतो."

"त्यायनं गरमबी केलं ना."

"मशीननं केलं. हाडातला गारवा मशीननं जाते का? तुया दोन्ही पोरांच्या टायमाले कोनी काढला होता?"

दोन्ही बाळंतपणांत मी त्याच बाजेवर, त्याच धगीवर निजले होते आणि मला बरं वाटलं होतं.

नवऱ्याला गंमत वाटली. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि हा उबेत पडलेला. दुपारी दीर आला आणि दारातूनच ओरडला, "का गा दादा, बारसं कवा ठेवू?"

"पयले पोरगा हाय का पोरगी, ते तं पाहू दे."

"तोंड तुयाच सारखं असन तं नाव मी ठेवतो. भोपळा."

हसताना छातीचं हाड दुखू नये म्हणून दवाखान्यात उशी दिली होती. ती दोन्ही हातांनी कवटाळून तो हसला आणि हसता हसता विव्हळला. सासू दिरावर खेकसली, "टाके तोडतेस का त्याचे? निंग बाहेर!" शेजारणी येऊन डोकावून गेल्या. एकीने तर सुंठीचे लाडू आणले. पुरुषासाठी बाळंतिणीचे लाडू! त्याने तेही खाल्ले.

मी गोरसी पायथ्याशी सरकवायची, सासू पुन्हा मधोमध आणायची. शेवटी असं ठरलं की ओव्याची धुरी नको, खिडकी उघडी राहील आणि रात्री गोरसी बाहेर. तिने मान हलवली. त्याहून जास्त तिच्याकडून कोणालाच कधी मिळालं नव्हतं. मला चक्की उघडायची होती. गिऱ्हाइकं डबे घेऊन उभी होती आणि घरात चालणारा तेवढाच एक गाडा होता.

खरी काळजी थर्मामीटरने सुरू झाली.

पहिले काही दिवस सगळं बरोबर होतं. मग एका संध्याकाळी शंभरला टेकलं. मी सासूकडे पाहिलं.

"गोरसीचं हाय," ती म्हणाली. "धगीवर निजलेला माणूस गरमच लागन ना."

ते खोटं म्हणता येत नव्हतं. त्याची पाठ, कुशी, कपडे, सगळं तापलेलं. मी काखेत मोजत होते, म्हणून जिभेखाली मोजायला घेतलं. तर माझ्या येण्याची वेळ झाली की सासूच्या हातात काढ्याचा पेला. तुळस, मिरी, गूळ, उकळता. "आत्ताच पेलो," नवरा म्हणायचा. काढा प्यालेल्या तोंडात थर्मामीटर ठेवून काय कळणार? मी वाट पाहायची, तोवर दुसरा पेला यायचा. सकाळी मोजायला गेले तर ती माझ्याआधी उठून गोरसी पेटवून बसलेली. आकडा कधी शंभरच्या खाली, कधी किंचित वर. त्यातला त्याचा किती आणि निखाऱ्यांचा किती, हे सांगायला कोणी नव्हतं.

चक्कीत मोटर गरम झाली की मी हाताच्या पालथ्या बाजूने चाचपते. लोड असेल तर ती तापणारच. पण दळण नसताना तापली, तर आत काहीतरी बिघडलंय. नवऱ्याच्या बाबतीत मला हेच करता येत नव्हतं, कारण लोड कोणी काढूच देत नव्हतं. दिवसभर चक्कीत उभी राहून मी हाच विचार करायचे आणि लोकांच्या ज्वारीत लोकांचा गहू टाकायचे.

आणखी एक गोष्ट होती. तो आता आडवा पडत नव्हता. बाजेच्या काठावर पाय खाली सोडून, पुढे वाकून, उशी पोटाशी धरून बसायचा. गोरसी आता त्याच्या पायांशी असायची आणि तो तिच्यावर ओणवा. कोणीही पाहिलं असतं तर वाटलं असतं, माणूस मजेत शेकतोय. सासूला तसंच वाटलं. "पाय, कसा शेकून राहिला. लागत होतं त्याच्या अंगाले." तिचा चेहरा पहिल्यांदाच सैल पडला होता.

"झोपत काऊन नाई तुमी?" मी विचारलं.

"असंच बरं वाटते."

"दुखते का?"

"टाके हायेत, दुखन नाई तं का?"

एका सकाळी मी चक्की उघडलीच नाही. आत गेले, फडक्याने गोरसी धरली, उचलून अंगणात नेली आणि तिच्यावर राख लोटली. सासू चुलीपाशी होती. धावत आली.

"काऊन उचलली?"

"पाहाचं हाय मले."

"का पाहाचं हाय?"

"ताप त्यायचा हाय का निखाऱ्याचा."

"कोनाचाबी असू दे, अंग तं गरम हाय ना? थंड पडन तवा का करशीन?"

"मामीजी, आज काढा नाई. पाणीबी नाई. घडीभर कोनी त्यायले हात लावू नोका."

आमच्या घरात तिला असं कोणी बोललेलं नव्हतं. नवरा म्हणाला, "माय, आयक तिचं. नाई तं दोघी मिळून मलेच भाजान." पण आवाजात जोर नव्हता. वाक्याच्या मधेच त्याने श्वास घेतला होता.

मी त्याला धरून ओसरीत आणलं, साध्या चादरीवर बसवलं. थंड हवा होती. हळूहळू त्याचे हात गार झाले, कानाच्या पाळ्या गार झाल्या. सासू खांबाला टेकून पदर चावत उभी. तिच्या दृष्टीने मी तिच्या लेकाला पुन्हा थंड करत होते. मला तिचा राग आला नाही. माझ्या मनातही सारखं येत होतं, आपलं चुकलं तर? याला थंडी बाधली तर? शेवटी त्याला हुडहुडी भरायला लागली तेव्हा मी थर्मामीटर जिभेखाली ठेवलं.

पारा एकशे एकच्या वर गेला. मी दुसरं थर्मामीटर काढलं. तेही तिथेच.

हात थंड, कान थंड, गोरसी अंगणात राखेखाली, आणि पारा वर. मी काच सासूच्या हातात दिली. तिला आकडे वाचता येत नव्हते. पण तिने ती घेतली, उलटसुलट पाहिली आणि लेकाच्या कपाळावर हात ठेवला. हात काढला नाही.

फोनला घरात रेंज नव्हती. मी रस्त्यावर गेले, चक्कीच्या ओट्यावर चढले, तिथून लागला. वॉर्डातल्या डॉक्टरांनी ताप ऐकला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आडवं झोपता येतं का त्यांना?"

"नाही. पुढे वाकून बसतात."

"किती दिवस?"

"नक्की नाही सांगता येत."

"आजच आणा. आत्ता निघा."

शेजाऱ्याची जीप होती, तोच चालवायला बसला. सासू आधीच मागे चढून बसलेली, शेजारी कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी. दिराने उचकून पाहिलं. चुलीत तापवलेली वीट.

"माय, जीप पेटवतेस का?"

"पायापाशी ठेवतो फक्त."

"ठेव तुया पायापाशी."

ती वीट सौंदड मागे पडेपर्यंत तिच्या मांडीवर होती. मी काच उघडायची, ती लावायची. नवरा आमच्या दोघींच्या मधे, पुढच्या सीटवर डोकं टेकून बसलेला. मध्येच म्हणाला, "अर्धी उघडा, अर्धी लावा. माय अर्धी, बायको अर्धी." कोणी हसलं नाही. त्याचे ओठ मला बरे दिसत नव्हते.

साकोलीच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली होती. पुढे एक ट्रक रस्त्याला आडवा झालेला. रायपूरकडचे ड्रायव्हर खाली उतरून बिड्या ओढत उभे. दीर उतरला आणि पळत पुढे गेला. लांबून त्याचा आवाज येत होता, "भैया, हार्ट का पेशंट है! थोडा साइड दो ना! अरे मरीज है भैया!" एकेक ट्रक कुरकुरत सरकला. आमची जीप कच्च्या कडेवरून, एक चाक खड्ड्यात घालत निघाली. प्रत्येक हिसक्याला नवरा उशी आवळायचा आणि मी त्याच्या छातीचं हाड माझ्याच अंगात असल्यासारखी ताठ व्हायचे. जंतू असतील तर पुन्हा छाती उघडणार, आणि डॉक्टरांनी न बोललेलं ते पुढचं वाक्य. नागपूर येईपर्यंत डोक्यात दुसरं काही नव्हतं.

दवाखान्यात लगेच सोनोग्राफी केली. हृदयाभोवती पाणी साचलं होतं. त्या पाण्याने हृदय दाबलं जात होतं, म्हणून आडवं पडलं की श्वास कोंडायचा. आधीचेच डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, "ताप नक्की कधीपासून आहे?"

हा एक प्रश्न मला कोणी विचारू नये असं वाटत होतं. मी खरं ते सांगितलं. बाजेखाली गोरसी होती, काढा चालू होता, त्यामुळे कळलं नाही. डॉक्टरांच्या बाजूला उभी असलेली शिकाऊ डॉक्टरीण डोळे विस्फारून म्हणाली, "पेशंटच्या बेडखाली निखारे?"

सासू पुढे झाली. दिवसभरात ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "तुमीच तं थंड केलं होतं त्याले."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता चिडतील.

"केलं होतं, माय," ते म्हणाले. "पण छाती शिवायच्या आधीच गरमबी केलं. हातपाय तेवढे मागून गरम झाले. तुमच्याकडं दिला तो गरमच दिला."

"मले कोनी दाखवलं नाई."

"नाही दाखवलं. ते खरं."

मग त्यांनी सुई टाकून पाणी काढायला त्याला आत नेलं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असल्यामुळे सुई टाकणंही सोपं नाही, हे त्यांनी मला वेगळं बाजूला घेऊन सांगितलं. आम्ही बाहेर बाकावर. दीर येरझाऱ्या घालत होता. सासूने जीपमधून वीट सोबत आणली होती, का ते तिलाही माहीत नसावं. ती कधीच गार झाली होती. ती बाकाखाली सरकवत सासू म्हणाली, "त्या वाकून बसण्यावरून मले समजाले पायजे होतं."

"तुमाले का समजन? मले नाई समजलं."

"तू चक्कीत होतीस. मी घरात होतो."

खोटं समाधान मला देता येत नाही आणि तिला ते नकोही होतं.

पाणी निघालं. लालसर होतं, बाटलीभर. ते तपासायला गेलं आणि अहवाल येईपर्यंतचा काळ सगळ्यात वाईट होता. सुई टाकल्यावर त्याला श्वास येत होता, तो आडवा पडून चक्क घोरला, पण ताप होता. नर्स तापमान घ्यायला आली की आम्ही दोघी उठून उभ्या राहायचो. शेवटी डॉक्टरांनी बोलावलं. जंतू सापडले नव्हते. पाण्यातही नाही, रक्तातही नाही. झडप चांगली चालत होती.

"मग हे कशामुळे?"

"त्यांच्याच शरीरामुळे. तुम्हाला सांगितलं होतं ना, ते भांडायला उठतं म्हणून? काहींचं भांडण लवकर मिटतं. यांचं घरी गेल्यावर पुन्हा उफाळलं. सूज उतरवायच्या गोळ्या देतो. छाती उघडायची गरज नाही."

शेवटचं वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. मग बाहेर येऊन सासूला सांगितलं. तिने फक्त विचारलं, "मंग शेकानं झालं नाई हे?"

"नाई. शेकानं झालं नाई. शेकानं दिसलं नाई."

तिने हे दोन्ही नीट ऐकून घेतलं.

गोळ्यांनी ताप उतरत गेला. वॉर्डात हलवल्यावर एका दुपारी नवरा म्हणाला, "थंडी वाजून राहिली." हुडहुडी, मग ताप, हा क्रम आता आम्हा दोघींना पाठ होता. मी नर्सला हाक मारली. तिने थर्मामीटर लावलं, पाहिलं, झटकलं. "नॉर्मल आहे. एसी जोरात आहे ना, म्हणून."

सासू खुर्चीत पुढे सरकली. तिने नर्सला विचारलं, "मंग चादर देऊ का त्याले?"

जिने गावातल्या बाळंतिणींना कधी कोणाला न विचारता शेक दिला, तिने एका पोरसवदा नर्सला हे विचारलं. "द्या ना, माय," नर्स पुढच्या पलंगाकडे जाता जाता म्हणाली.

सासूने चादर उलगडली, त्याच्या पायांवर घातली, कमरेपर्यंत आणली आणि तिथे थांबून माझ्याकडे पाहिलं.

मी चादरीचं दुसरं टोक धरलं आणि त्याच्या गळ्यापर्यंत ओढून घेतली.